गळतीचं मूळ कारण

४ जानेवारी २०२५, शनिवार. सकाळी ७.१०

साहेबरावने दार वाजवलं. शेजारी राहतो, बेल दिसते, तरी थापच मारणार. म्हणे, तुमच्या पोरीच्या फटफटीचं ऑइल माझ्या नव्या पेव्हर ब्लॉकवर आलंय, पोर्चमध्ये डबकं साचलंय. मी पट्टी घेऊन बाहेर गेलो. मोजलं. नऊ सेंटिमीटर बाय सहा. याला डबकं म्हणत नाहीत, डाग म्हणतात, हे त्याला शांतपणे सांगितलं. त्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदा विकणाऱ्याला सेंटिमीटरचं काय.

फटफटी म्हणजे अमृताची पिट बाईक. १२५ सीसी. सीट माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. हेडलाइट नाही, नंबर प्लेट नाही, रस्त्यावर चालवायची नाही, फक्त मातीच्या ट्रॅकवर उड्या मारायच्या. तेवीस वर्षांची डिप्लोमा झालेली मुलगी, चिकलठाण्याला डिझाइन ऑफिसात नोकरी, आणि पहिली खरेदी ही. माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. दोन फेब्रुवारीला लासूर स्टेशनला तिची रेस आहे. पहिलीच.

अमृता म्हणाली, उद्या छावणीत कडुबामामांच्या गॅरेजात दाखवते. मी म्हटलं, ज्या घरात चोवीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस बसलाय, त्या घरातली गाडी छावणीत जाणार? म्हणाली, पप्पा, तुम्ही आता डिस्पॅचला आहात.

डिस्पॅच हा स्वतंत्र चार्ज आहे. कंपनीला तिथं विश्वासू माणूस हवा होता. हे या घरात मी तीनदा समजावून सांगितलंय.

संकल्प: गळतीचं मूळ कारण मी शोधणार. आठ दिवसांत. लेखी.

५ जानेवारी, रविवार

कडुबा घरीच आला. अमृताने बोलावलं असणार. आल्या आल्या जयभीम घातला. जयभीमला जयभीम म्हणावंच लागतं, त्यामुळे पहिला डाव त्याचा.

खाली बसला. चेनच्या पुढच्या छोट्या दातेरी चाकाच्या, स्प्रॉकेटच्या, मागं बोट घातलं. बोटाकडे बघितलं. म्हणाला, ताई, शाफ्टचं सील गेलंय, पंधरा मिंटाचं काम हाय. झालं. एवढंच. ना इंजिन धुतलं, ना मोजलं, ना एक प्रश्न विचारला. मी विचारलं, पुरावा काय? त्याने बोट दाखवलं.

हे डायग्नोसिस नाही, ही भविष्यवाणी आहे. मी त्याला सांगितलं की आधी आम्ही अभ्यास करू, मग कळवू. तो बरं म्हणाला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. बरं म्हणणारी माणसं आतून फार गर्विष्ठ असतात.

आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. म्हणाली, त्यो सांगतोय ते आईक की रं, त्याचा रोजचा धंदा हाय. आईचा बाहेरच्या माणसावर विश्वास लवकर बसतो. माझ्यावर ५१ वर्षांत बसलेला नाही.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६

शास्त्रशुद्ध पद्धत: इंजिन रॉकेल-ब्रशने धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर टाल्कम पावडर मारायची, इंजिन चालू करायचं. जिथून ऑइल निघेल तिथं पावडर ओली होईल. कडुबाला हे माहीत असणं शक्य नाही.

रॉकेल मिळालं नाही. डिझेल वापरलं. पावडर बायकोची, रत्नमालाची, अर्धा डबा.

इंजिन चालू केल्यावर पावडर उडते, हे कुठंही लिहिलेलं नाही. साहेबरावची पांढरी गाडी आधीच पांढरी होती, त्यामुळे नुकसान शून्य. पण त्याच्या बायकोने दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या साडीचा मुद्दा निघाला. मी म्हटलं, पोर्चच्या दिशेने दोरी बांधायला कुणी सांगितलं होतं? तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. ग्रुपवर अकरा लोकांनी हसणारे चेहरे टाकले. अकराही नावं लिहून ठेवली आहेत.

निष्कर्ष: पावडर स्प्रॉकेटच्या मागंच ओली झाली. म्हणजे ऑइल दुसरीकडून येऊन तिथं साचतंय. गुन्हेगार सापडतो तिथं गुन्हा घडलेला नसतो. चोवीस वर्षांचा अनुभव.

रत्नमाला शाळेत जाताना म्हणाली, अहो, उरलेली पावडर तरी आत आणून ठेवा. तिला प्रयोगाचं काही विचारावंसं वाटलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

नवीन दिशा. गाडी उभी असतानाही डाग वाढतोय. कोण वाढवतंय? साहेबरावला ती गाडी तिथं नकोय. त्याच्याकडे ट्रॅक्टरचं जुनं ऑइल असतं. हेतू आहे, साधन आहे, संधी आहे.

गाडीखाली पुठ्ठा ठेवला, गेटला कुलूप लावलं, किल्ली उशाशी.

१० जानेवारी, शुक्रवार

पुठ्ठ्यावर डाग. कुलूप जसंच्या तसं. म्हणजे साहेबराव सावध झालाय.

११ जानेवारी, शनिवार

मूळ गोष्ट सगळेच विसरले. ऑइल गळतंय तर आत उरलंय किती? उजव्या बाजूची डिपस्टिक काढून बघितली. टोकाला जेमतेम ओली. मुलगी कोरड्या इंजिनावर उड्या मारतेय आणि बाप डिस्पॅचमध्ये खोकी मोजतोय, असं उद्या लोक म्हणतील. लगेच ऑइल ओतलं. परत बघितलं. कमीच. परत ओतलं. कमीच. डबा रिकामा झाल्यावर रेघेपर्यंत आलं.

गळती वाढली. चांगलं लक्षण. स्रोत दबावाखाली येऊन उघड होतोय.

१२ जानेवारी, रविवार

अमृता मिटमिट्याच्या मैदानावर प्रॅक्टिसला गेली. दीड तासात परत. छोट्या टेम्पोतून. गाडीतून एवढा पांढरा धूर निघाला की बाजूच्या प्लॉटवरचा वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला. एअर फिल्टरमध्ये ऑइल, बुटावर ऑइल, गुडघ्यावर ऑइल.

तिने खाली तसराळं ठेवून ऑइल काढलं. निघालं ते जवळपास दुप्पट. विचारलं, पप्पा, किती टाकलंत? मी म्हटलं, रीडिंगप्रमाणे. म्हणाली, गाडी स्टँडवर डावीकडे कललेली असताना उजवीकडचं रीडिंग कमीच दिसणार, सरळ उभी धरून बघायचं असतं. मी म्हटलं, मग स्टँड बनवणाऱ्याची चूक. ती हात पुसत राहिली. मग म्हणाली, पप्पा, आता हात लावू नका. प्लीज.

माझ्या कंबरेची तिला काळजी आहे. बोलून दाखवत नाही. बापावर गेलीय.

१४ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११

नामविस्तार दिन. आई, रत्नमाला, अमृता तिघीही पांढऱ्या साड्या नेसून विद्यापीठाच्या गेटला गेल्या. मी तीस वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. लाठ्या पडल्या तेव्हाही होतो, नाव लागलं त्या दिवशीही होतो. आज गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. आईने बराच वेळ गुडघ्याकडे बघितलं. म्हणाली, डावा का उजवा? मी डावा म्हटलं. म्हणाली, काल उजव्या पायानं लंगडत होतास. मी काल लंगडतच नव्हतो. आई अशी जाळी टाकते.

दुपारी १

सगळे बोल्ट आवळले. एकूण सतरा. कुठल्याही गळतीचं साठ टक्के कारण ढिला बोल्ट असतं. टॉर्क रेंच नाही, पण हाताला अंदाज असतो. सोळा बोल्टांनी सहकार्य केलं. सतरावा, क्लच कव्हरचा खालचा. टक्कन आवाज आला आणि बोल्टचं डोकं हातात.

निकृष्ट धातू. आमच्या इन्स्पेक्शनमधून असला बोल्ट गेला नसता.

डोकं जागेवर ठेवून चिकटवून टाकलं. वरून बघितलं तर कळत नाही. तेवढ्यात गेटवर साहेबरावची बायको तिळगुळ घेऊन उभी. हात काळे, बोटांना गोंद. वडी बोटालाच चिकटली. ती म्हणाली, गोड बोला भाऊ. मी काही बोललो नाही. आधी साडीचं काय ते मिटू दे.

दुपारी ४

तिघी परत आल्या. गेटवर फार गर्दी होती, लोक पार नगर, परभणीहून आले होते. अमृता म्हणाली, सगळे तुम्हाला विचारत होते. आईने माझ्या हाताला लागलेलं काळं बघितलं आणि मला तिथून आणलेलं लाडूचं पुडकं न देता आत घेऊन गेली.

१५ जानेवारी, बुधवार

बोल्टचं डोकं पुसताना अमृताच्या हातात आलं. ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर तयार होतं. तिने गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, तिथं टेम्पो उभा होता. मला सांगून जायची गरज वाटली नाही. रात्रीच्या जेवणाला ती आणि रत्नमाला माझ्यासमोर मेथीची भाजी स्वस्त झाली का, यावर बोलत राहिल्या. दोघींनाही मेथी आवडत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

गाडी परत आली. कडुबाने तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढला, आणि विचारलं नसताना ते शाफ्टचं सीलही बदललं. तीन दिवस झाले म्हणे, त्याच्या शेडमध्ये एक थेंब नाही. इथंही पुठ्ठा कोरडा.

अमृता खूश. आई खूश. साहेबरावने गेटवरून अंगठा वर करून दाखवला. सगळं शहर खूश.

मी विचारतो, तीन दिवस थेंब पडला नाही हा पुरावा कसा? रोगी झोपला म्हणजे बरा झाला का? व्हेरिफिकेशन कुणी केलं? सही कुणाची आहे?

१९ जानेवारी, रविवार. सकाळी १०.३०

तिघी लासूरला, रत्नमालाच्या मावसबहिणीकडे साखरपुड्याला. मी घरी. डिस्पॅचचं काम आहे म्हणून सांगितलं, जे खोटं नाही, डिस्पॅचचं काम कायमच असतं.

व्हेरिफिकेशन केलं. स्प्रॉकेटचं कव्हर काढलं, चेन उतरवली, स्प्रॉकेट काढलं. मागं ते सील. रबराचं कडं, अंगठ्याच्या नखाएवढं रुंद. यासाठी एवढं कौतुक. बाहेर काढून बघितल्याशिवाय ओके देता येत नाही. स्क्रूड्रायव्हरने कडेला हलकेच उचकटलं. निघत नव्हतं. थोडं कमी हलकेच उचकटलं. निघालं.

कडेला एक ओरखडा आहे. आधीपासून असणार.

परत बसवताना प्रश्न आला, कुठली बाजू आत? एका बाजूला नंबर छापलेला, दुसऱ्या बाजूला आत बारीक स्प्रिंग दिसते. विचार केला. स्प्रिंगची बाजू बाहेर ठेवली, म्हणजे पुढच्या इन्स्पेक्शनला न उचकटता स्प्रिंगची स्थिती दिसेल. इतका साधा विचार कडुबाला सुचला नव्हता. त्याने ती आत ठेवली होती.

सगळं पूर्ववत. पुसून काढलं. निकाल: ओके.

२२ जानेवारी, बुधवार

पुठ्ठा कोरडा. गाडी चार दिवस हललेली नाही, ही बाब रिपोर्टमध्ये नोंदवण्याइतकी महत्त्वाची नाही.

क्लोजर रिपोर्ट लिहिला. दोन पानं. मूळ कारण: अनेक. उपाय: सातत्यपूर्ण देखरेख. प्रत फ्रिजवर लावली. रत्नमालाने त्यावर गॅस बुकिंगचा नंबर लिहिला.

संध्याकाळी अमृता माझ्याजवळ येऊन बसली. रिपोर्ट वाचला होता. हसत होती, पण वाईट हसणं नव्हतं. म्हणाली, पप्पा, दोन तारखेला तुम्ही पण चला ना लासूरला. प्रत्येक रायडरबरोबर दोन माणसं आत सोडतात. एक कडुबामामा, एक तुम्ही. मी म्हटलं, बघू, कामाचा व्याप आहे.

सुट्टीचा अर्ज उद्याच टाकतो. डोक्याला टोपी लागेल. उन्हात उभं राहावं लागणार.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी ३

अमृता पडली.

मिटमिट्याच्या मैदानावर, डावीकडच्या वळणावर. मागचं चाक एकदम बाजूला गेलं. मागच्या टायरवर ऑइल होतं. उजव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, प्लास्टर, चार आठवडे. डोक्याला काही नाही. हेल्मेट होतं. डोक्याला काही नाही, हे डॉक्टरांना मी पाच वेळा विचारलं. पाचव्यांदा त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

मी कंपनीत झेंडावंदनाला होतो. फोन सायलेंटवर होता. तिला दवाखान्यात साहेबरावने नेलं. गाडीही त्यानेच टेम्पोत घालून थेट कडुबाच्या शेडवर टाकली. मी पोचलो तेव्हा तो तिच्यासाठी नारळपाणी घेऊन उभा होता, आणि मला बघून बाजूला झाला. मी थँक्यू म्हटलं नाही. घाईत होतो.

संध्याकाळी ६

सगळे एकमताने म्हणतात, कडुबाने सील नीट बसवलं नाही. रत्नमाला म्हणते, आई म्हणते. अमृताने डाव्या हाताने रायडर लोकांच्या ग्रुपवर टाकलं की कडुबाकडे गाडी देऊ नका, माझं हे झालं. बरोबरच आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

उद्या छावणीत जाऊन त्याला सुनावणार. असल्या माणसाने दुसऱ्याच्या मुलीच्या जिवाशी खेळायचं म्हणजे काय.

२७ जानेवारी, सोमवार

गेलो. कॅन्टोन्मेंटच्या बाजारामागं पत्र्याचं शेड. कडुबा एकटाच होता. मी दारातूनच सुरू केलं. तुम्हाला लाज आहे का, मुलीचा हात मोडलाय, सहा दिवसांवर रेस, तुमच्यासारख्यांची शेडं बंद केली पाहिजेत. बराच वेळ बोललो. चांगलं बोललो. मधे कुणी अडवलं नाही.

कडुबाने पाना खाली ठेवला. मग उठला, डब्यातून काहीतरी काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. सील. म्हणाला, साहेब, स्प्रिंगची बाजू आत असती. ह्ये उलटं बसवलं होतं. आणि ह्यो इथं स्क्रूड्रायव्हरचा घाव. म्या पाना बी लावला नव्हता, हातानं दाबून बसवलं होतं.

मी म्हटलं, असे ओरखडे हाताळणीत येतात.

तो म्हणाला, व्हय. हाताळणीतच येत्यात.

मग म्हणाला, दोन पोरांनी गाड्या परत नेल्या आज सकाळी. नेऊ द्या. म्या ताईला काय बोललो नाय. सांगायचं असंल तर तुमीच सांगा.

आणि पुन्हा कामाला बसला. चहा विचारला नाही. याआधी दरवेळी विचारला होता, मी दरवेळी नाही म्हटलं होतं.

परत येताना मिल कॉर्नरला सिग्नल हिरवा झाल्यावरही उभा होतो. मागच्याने हॉर्न वाजवला. त्याच्याशी भांडलो.

२८ जानेवारी, मंगळवार

आज सांगणार होतो. अमृताला औषधाने झोप येत होती. झोपेत असलेल्या माणसाला गंभीर गोष्टी सांगू नयेत.

२९ जानेवारी, बुधवार

आज जागी होती. पण आई शेजारी होती. आईसमोर सांगितलं तर आईला बीपी आहे.

शिवाय ते सील कडुबाने नंतर उलटं करून दाखवलं नसेल कशावरून? पण तसं केलं तर त्याचा काय फायदा? या प्रश्नाचा अभ्यास चालू आहे.

३० जानेवारी, गुरुवार

अमृता डाव्या हाताने जेवते. वरण सांडतं. मी चमचा धरायला गेलो तर म्हणाली, राहू द्या पप्पा, जमतं मला.

रत्नमाला म्हणाली, कडुबाच्या बायकोचा फोन आला होता, शाळेत माझ्या वर्गात तिची मुलगी आहे. नीट बोलली नाही, फक्त म्हणाली, मॅडम, आमच्या मालकानं असं कधी केलं नाय. मी म्हटलं, तू काय म्हणालीस? म्हणाली, काय म्हणणार.

जेवण गेलं नाही. मेथी होती.

३१ जानेवारी, शुक्रवार

एक कबूल करतो, इथंच, कारण इथं कुणी वाचत नाही. सील मी उलटं बसवलं.

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

अमृता उद्या लासूरला जाणार आहे. रेस खेळायची नाही, बघायला. मी सुट्टी काढलेलीच आहे. रस्त्यात सांगेन. पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, भरपूर वेळ मिळतो.

मुद्दे काढले. एक, हेतू शुद्ध होता. दोन, सीलवर बाजू दाखवणारा बाण छापलेला नव्हता. तीन, ढोबळ जबाबदारी माझी. ढोबळ हा शब्द ठेवावा की काढावा, ठरत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८

अमृता साहेबरावच्या गाडीतून गेली. त्याला लासूरच्या मार्केट यार्डात काम होतं. मी मागून स्कूटरवर. त्यामुळे रस्त्यात सांगणं झालं नाही.

रेल्वे रुळांपलीकडे कापसाचं मोकळं रान. माती ओढून उंचवटे केलेले, चुना मारलेला, लाल फिती बांधलेल्या. साठसत्तर पोरं-पोरी, चार मंडप, स्पीकर. टोपी विसरलो.

अमृताला शोधलं तर ती दोरीच्या आत, कडुबाच्या शेजारी, उलट्या क्रेटवर बसली होती. तो कुणा पोरीची गाडी दुरुस्त करत होता आणि ती डाव्या हाताने त्याला पाने देत होती. न मागता. दहाचा, मग बाराचा. मला काही समजेना. त्याच्याविरुद्ध तर तिनेच ग्रुपवर लिहिलं होतं.

तिला बाजूला बोलावलं. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे राहिलो. मुद्द्यांचा कागद खिशात होता, काढला नाही. म्हटलं, अमृता, ते सील मी काढलं होतं. एकोणीस तारखेला. उलटं बसवलं.

ती म्हणाली, माहीत आहे.

कधीपासून? म्हणाली, मंगळवारपासून. मी मामांना विचारायला गेले होते, असं कसं झालं. तुम्ही कंपनीत होता. मामा म्हणाले, चुकलं असंल माझं, ताई. ते असं म्हणाले तेव्हाच कळलं. मामांचं चुकलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, कसं चुकलं. मग डब्यात सील दिसलं. ओरखडा दिसला. आपल्या घरात असलं काम कोण करणार पप्पा, आजी?

ग्रुपवरची पोस्ट तिने त्याच संध्याकाळी काढली होती. माफीही मागितली होती, सगळ्यांसमोर, लिहून. मी त्या ग्रुपात नाही.

म्हटलं, मग मला बोलली का नाहीस?

ती प्लास्टरच्या कडेला खाजवत होती. म्हणाली, बघत होते, किती दिवस लागतात तुम्हाला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी कोरडा होता. असला आवाज मी तिच्यापुढं तिच्या लहानपणी काढायचो, मार्कशीटवर सही करताना.

मी काहीतरी बोललो. बहुतेक ढोबळ हा शब्द वापरला नाही. ती म्हणाली, मला नका सांगू. मामांना सांगितलंत का?

गेलो. कडुबा खाली वाकलेला. त्या गाडीचं इंजिन चालू, रेस दिलेली, कानठळ्या. मी म्हटलं, कडुबा, ते सील मी उलटं बसवलं होतं. त्याने मान वर केली, काय म्हणाला ते दिसलं, काय? मी मोठ्याने म्हटलं. त्याने कानावर हात ठेवला. स्पीकरवर कुणीतरी नंबर पुकारत होतं. मी सगळा जीव लावून ओरडलो, सील मी उलटं बसवलं, चूक माझी होती!

नेमकं तेव्हाच त्या पोरीने इंजिन बंद केलं. स्पीकरही थांबला. दोरीजवळचे सगळे वळले. साहेबराव कांद्याचा हिशोब टाकून कधी आला होता कोण जाणे, तोही वळला. रसवाल्याने चरक थांबवला. 

कडुबाने हात पुसले. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, प्रेमानेही नाही, जसं एखाद्या बोल्टकडे बघतो, कितीचा आहे म्हणून.

म्हणाला, व्हय साहेब. आता जरा सरका, उजेड अडतोय.

सरकलो.